चारशे आठ धावांचं सुतक

छत्रपती संभाजीनगर
मंगळवार, २ डिसेंबर २०२५

तीर्थरूप बन्सीमामांच्या पायांशी कडूबाचा दोन्ही गुडघे टेकून नमस्कार. (तुमचे गुडघे आता टेकत नाहीत, म्हणून तुमच्या वाटणीचेही मीच टेकतो आहे.) इकडे आम्ही सगळे देवाच्या दयेने धडधाकट आहोत. भारताच्या कसोटी संघाबद्दल मात्र तसं लिहिता येत नाही. गुडघ्याला त्या नव्या तेलाचा गुण आला का? मामींचा खोकला कसा आहे? अद्रक काढायला आली असेल, मजूर मिळतात का? ही चौकशी नुसती रीत म्हणून नाही. पुढे जे लिहायचं आहे ते लिहायला हात जड होतोय, म्हणून अद्रकीपाशी जरा रेंगाळलो. फोन केला असता, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवता आणि अख्खं पिशोर मध्ये मध्ये सल्ले देतं. हा विषय पिशोरने सल्ला देण्याचा नाही.

विषय तुम्ही आणलेल्या स्थळाचा आहे. लासूर स्टेशनच्या पुंजारामजींचा ऋतुराज, वाळूजला कंपनीत, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, आणि तुम्ही स्वतः मध्यस्थ. आमच्या प्रेरणाला याहून चांगलं स्थळ दिवा घेऊन शोधलं तरी मिळणार नाही, हे मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो. त्यांची अट एकच, सुपारी फुटली की मुलीची कबड्डी बंद. तीही मला रास्त वाटली. पण दिवाळी होते न होते तोच प्रेरणाला राज्याच्या संघनिवडीच्या सराव शिबिराचं पत्र आलं. नाशिकला, वीस दिवस. तिकडे लासूरकर घाई करत होते, इकडे पोरगी पत्र उशाशी घेऊन झोपत होती. अशा वेळी घरच्या कर्त्या माणसाने शांत डोक्याने निर्णय घ्यायला हवा होता. पण तो नोव्हेंबर महिना होता, आणि नोव्हेंबरात भारताने माझं डोकं शांत राहू दिलं नाही.

महिन्याची सुरुवात खरं तर उत्तम झाली. दोन तारखेला, तुळशीचं लग्न लागलं त्याच दिवशी, आपल्या पोरींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. तो सामना मी पूर्ण पाहिला असं मी दुकानात सर्वांना सांगितलं आहे. तुमच्यापासून लपवत नाही, पाऊस आला तेव्हा आता काही खेळ होत नाही असा अंदाज करून मी आडवा झालो तो थेट सकाळी उठलो. तुमची भाचेसून मुक्ता आणि प्रेरणा शेवटपर्यंत जाग्या होत्या. मला उठवलं का नाही विचारलं तर मुक्ता म्हणाली, "तुमी कवा इचारलं पोरींच्या मॅचचं?"

मग सोळा तारीख उजाडली. कोलकात्याची कसोटी, तिसरा दिवस, जिंकायला एकशे चोवीस. मी गुलमंडीत दुकानात होतो, मोबाइल शर्टिंगच्या थानांना टेकवून ठेवलेला. नेमके त्या दिवशी पुंजारामजी सुपारीच्या दिवशी घालायला सफारीचं कापड घ्यायला आले. मी आदराने गादीवर बसवलं, चहा सांगितला, उंची कापड उलगडलं. सव्वातीन मीटर हवं होतं. दोन मीटर मोजून झाले आणि आपला एक गडी असा काही बाद झाला की माझ्या हातातली कात्री तिथेच चालली. बावीस वर्षं कापड कापतोय मामा, असं कधी झालं नव्हतं. पुंजारामजींनी तो तुकडा हातात धरून पाहिला, मोबाइलकडे पाहिलं, आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या पाव्हणं. नुसता शर्ट शिवतो. पँट जुनीच घालतो." पुढे आपण त्र्याण्णववर आटोपलो. पण ज्या माणसाचं कापड मी भारतापायी कमी कापलं, त्याला आता कुठल्याच गोष्टीला नाही म्हणायला मला तोंड उरलं नव्हतं. मी त्यांना तिथल्या तिथे सांगून टाकलं की चंपाषष्ठी झाली की दुसऱ्या दिवशी सुपारी फोडू.

तुम्हाला माहीतच आहे, आमच्या घरी पराभवाचं सुतक रीतसर पाळतात. (पाळतो मी एकटाच; घरचे पाळू देतात.) कसोटीचं तीन दिवस, दाढी नाही, गोड नाही, देवाला हात लावायचा नाही. एकदिवसीय सामन्याचं एक दिवस. वीस षटकांचं दिवेलागणीपर्यंत. फुटबॉल हे लांबचं नातं, ऐकलं की आंघोळ. त्यामुळे अठरा तारखेला ढाक्यात बांगलादेशाने आपल्याला एका गोलने हरवलं तेव्हा मी डोक्यावर दोन तांबे ओतून घेतले आणि दुकानाला गेलो. पण आधीच्या सुतकाचे दिवस होते, त्यात हे, आणि घरात पोरगी चार दिवस बोलत नव्हती. भांडली असती तर बरं. ताट वाढायची, पाणी ठेवायची आणि निघून जायची.

एकवीस तारखेला खंडोबाचा घट बसला. संध्याकाळी आरती झाल्यावर मुक्ताने विषय काढला की शिबिराचं काय ते देवासमोर सांगा. मी विचार केला. (विचार केला असं मी त्या वेळी समजत होतो.) चंपाषष्ठीपर्यंत भारताचा एकच सामना, गुवाहाटीची कसोटी, शनिवार ते बुधवार. कोलकात्यात ज्यांना एकशे चोवीस झेपल्या नाहीत ते गुवाहाटीत काय दिवे लावणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. तेव्हा मी उठलो, बेलभंडारा उचलला आणि सर्वांसमोर म्हणालो की चंपाषष्ठीच्या आत भारत एक जरी सामना जिंकला तर प्रेरणाला नाशिकला धाडीन, नाही तर ठरल्याप्रमाणे सुपारी. हे मी देवाशी लबाडी म्हणून केलं नाही मामा, अंदाज म्हणून केलं. प्रेरणाने चार दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं. "कोन्ता बी सामना, आप्पा?" मी औदार्याने म्हणालो, कोणताही. तिने कपाळाला भंडारा लावला आणि आत गेली. मला तिची दया आली. पोरीला सामन्यांचं वेळापत्रकसुद्धा ठाऊक नाही असं मला वाटलं.

शनिवारी गुवाहाटीत आपण नाणेफेक हरलो आणि मला बरं वाटलं. हे वाक्य मी तीनदा खोडून पुन्हा लिहिलं आहे. तेवीस वर्षांचा होतो तेव्हापासून भारतासाठी उपास धरणारा माणूस मी, आणि पाहुणे चारशे एकोणनव्वदपर्यंत गेले तरी आतून कुणीतरी 'होऊ दे' म्हणत होतं. स्वतःचीच लाज वाटून मी टीव्हीसमोरून उठलो आणि अंगणात जाऊन बसलो. प्रेरणा तिथेच सांधे सोडवायचा व्यायाम करत होती.

रविवारी ती मोबाइल घेऊन आली. कोलंबोत आपल्या अंध मुलींनी नेपाळला हरवून विश्वचषक जिंकला होता. त्याआधीचे लहानमोठे विजय तिने एका कागदावर वेगळे लिहून ठेवले होते. मी म्हटलं, आनंदाची गोष्ट आहे, पण जो सामना चालू आहे हेच मला माहीत नव्हतं तो शपथेत कसा धरायचा? यावर मुक्ता भाकरी थापता थापता म्हणाली, "देवाला तर ठाव व्हतं." त्याच दिवशी ऑस्ट्रेलियात आपला एक बॅडमिंटनपटूही स्पर्धा जिंकला, पण एकट्याचा विजय देशाचा धरावा की नाही हा प्रश्न वेगळा. तो मी तूर्त बाजूला ठेवला. सोमवारी, ज्या ढाक्यात सहा दिवसांपूर्वी आपण फुटबॉल हरलो त्याच ढाक्यात, आपल्या पोरींनी कबड्डीचा विश्वचषक जिंकला. पस्तीस–अठ्ठावीस. प्रेरणाने तो सामना उभ्याने पाहिला. मला वाटलं आता कागद घेऊन माझ्यासमोर येईल. ती आली नाही. घटासमोर जाऊन नुसती बसली. मामा, वाद घातला असता तर मी जिंकलो असतो, वादात मी कुणाला ऐकत नाही. तिने वाद घातला नाही हेच मला जड गेलं.

बुधवारी चंपाषष्ठी. सकाळपासून भरीत-रोडग्याचा वास घरभर, आणि जेवणाच्या वेळेला भारत चारशे आठ धावांनी हरला. चारशे आठ. एवढ्या फरकाने हरण्याला शेजारपाजाऱ्यांनीही सुतक पाळावं. मी पंचा घेऊन न्हाणीकडे निघालो तर मुक्ताने वाट अडवली. तळी कोण उचलणार? घरातला कर्ता पुरुष मी. मी म्हटलं, सुतक आहे, देवाला हात लावता येत नाही. ती म्हणाली, "सुतक आसंल तर देवाची तळी ऱ्हाती. तळी उचलायची आसंल तर जिंकलो म्हना. दोन्ही कसं व्हईल?" शेजारचे चौघे तळीला येऊन उभे होते. नारळ ठेवला होता, भंडारा ठेवला होता. आमच्या घरात खंडोबाची तळी कधी चुकलेली नाही, वडील गेले त्या वर्षीसुद्धा दिवस सरल्यावर उचलली होती. मी पंचा खुंटीला अडकवला. मग हात लावला आणि सदानंदाचा येळकोट म्हणालो. सगळ्यात मोठा आवाज प्रेरणाचा होता.

तर मामा, प्रकरण असं आहे. तळी उचलली म्हणजे मी विजय मान्य केला असं घरच्यांचं म्हणणं. माझं म्हणणं, तळी देवाची उचलली, निकाल अजून लागायचा आहे. तुम्ही घराण्यात वडीलधारे, स्थळही तुमचंच. दोन्ही बाजू मी निःपक्षपातीपणे मांडल्या आहेत. सावकाश विचार करून काय तो निवाडा कळवावा, मी शब्दाबाहेर जाणार नाही. मामींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद, गुडघ्याला जपा.

तुमचा भाचा,
कडूबा

ता.क. निवाडा देताना फार दिवस लावू नका, आणि शक्यतो प्रेरणाच्या बाजूने द्या. कारण परवा रविवारीच मी तिला एसटीने नाशिकला पोहोचवून आलो. (त्या दिवशी रांचीला आपण जिंकलो म्हणतात. मी पाहिला नाही.) शिबिराच्या फॉर्मवर सही मी चंपाषष्ठीच्या संध्याकाळीच केली होती. तुमच्या उत्तराच्या पत्रावर सव्वीस नोव्हेंबर अशी तारीख घातली तर उत्तम, म्हणजे मी तुमच्या हुकमाने वागलो असं होईल आणि घरात माझा मान राहील.

ता.क. दुसरं. सत्तावीसची सुपारी मी पुंजारामजींना 'घरात सुतक आहे' असं कळवून पुढे ढकलली आहे. ते भले माणूस, कोण गेलं हे विचारायला येणार आहेत. त्यांच्या आधी तुम्ही लासूरला जाऊन या आणि खरं काय ते सांगा. पोरगी वीस दिवस खेळेल, निवडली गेली तर त्याहून जास्त, आणि त्यानंतरही तिला खेळू देणार असतील तरच पुढचं बोलू. हे मीच सांगायला हवं हे मला कळतं. पण मला बघितलं की त्यांना ते कापड आठवतं.

ता.क. तिसरं, आणि हे कृपा करून ओट्यावर वाचू नका. नाशिकला संध्याकाळी पोरींचा सरावाचा सामना होता, तो बघायला मी थांबलो. प्रेरणाचा सामना मी याआधी कधी पाहिला नव्हता. ती चढाईला गेली, तिघी पोरी तिच्याशी झोंबल्या, सगळ्या एकदम खाली पडल्या. पोरीने तिघींना लोळवलं असं समजून मी उठून उभा राहिलो आणि जोरात टाळ्या वाजवल्या. पाडलं त्यांनी तिला होतं. मैदानावर टाळ्या वाजवणारा मी एकटाच. तिने खालूनच माझ्याकडे पाहिलं आणि हसली. जगातल्या सगळ्या खेळांवर मी दुकानात बोलतो, पण ह्या खेळातलं मला काही कळत नाही. तुम्ही हुतूतूचे गाजलेले गडी, आणि त्या वेळी मी तुमच्या चपला सांभाळायला पाठ करून बसलेला असायचो. इथे कुणाला विचारायची सोय नाही, आणि तिला विचारायची लाज वाटते. तेव्हा गडी बाद कधी होतो, बोनस कशाचा मिळतो, हे मला सविस्तर, चित्र काढून लिहा. येत्या रविवारी तिचा पुन्हा सामना आहे. मी जाणार आहे, आणि टाळी योग्य वेळी वाजवायची आहे.