माशाचा वास

प्रिय मर्टल,

बेटावरच्या वाऱ्यात तुझा गुडघा कसा आहे? मी मजेत.

रविवारी आपला रसेल बायकोला घेऊन जेवायला आला. मी लिंबू-लोणी लावून फ्लॅटहेड मासा ओव्हनमध्ये भाजला, पेल्यांत गार पांढरी वाइन ओतली आणि शाळेतली समुद्राची कविता म्हणू लागलो. सूनबाई खिडक्या उघडत सुटली.

"बाबा, आजच मासा सुचला? उद्या घर बघायला गिऱ्हाईक येतंय. वास जाणार आहे का?"

"कुठलं घर?"

रसेलने घोट घेतला. "हेच. दवाखान्यात होतात तेव्हा घराच्या कागदांवर सही तुम्हीच केलीत ना? वाइन मात्र माशाबरोबर झकास जमलीय हं."

मासा खरंच सुरेख झाला होता, मर्टल. काटासुद्धा अलगद सुटला.

तुझी मागची खोली रिकामी असते का गं हल्ली? सहज विचारतोय.

तुझा थोरला भाऊ,
आल्बी