पडद्यावरच्या तीन भाकरी

मु. जांभळवाडी, ता. परंडा
दि. ११ जानेवारी १९८४

चि. लिंबाजीस,
अक्काचे अ. उ. आ. वि. वि.

हे पत्र माझ्या हातचं हाय. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात पाटी घासली ती वाया गेली न्हाय. मागल्या पत्रातल्या चुका तू लाल शाईनं काढून परत धाडल्यास, ह्या खेपेला तसलं काही करू नको. विषय नाजूक हाय. वाचून झालं की पत्र फाडून टाक.

घरी सगळी खुशाल. म्हैस व्याली, रेडी झाली. तुरीला शेंगा बऱ्या हायत.

आता खरी गोष्ट. परंड्यात पुढल्या महिन्यात चित्रपट महोत्सव भरणार हाय. दूध संस्था आन तरुण मंडळ मिळून करतेत. किल्ल्याजवळच्या मैदानात तंबू, चार दिवस सिनेमे, आन पुण्या-मुंबईचे सिनेमा काढणारे सायेब सोता येणार. कुर्डुवाडीला रेल्वेनं उतरून पुढं यष्टीनं. तुझे दाजी स्वागत समितीत हायत. आठ दिवस झाले, भाषण पाठ करतेत. परवा धार काढताना म्हशीलाच आदरणीय पाहुणे म्हणाले.

त्यात एक सिनेमा हाय, ‘खडीचा डोंगर’. आपल्याच तालुक्यातला, दुष्काळातला. लिंबा, त्या सिनेमात म्या हाय.

तुला आजवर सांगितलं न्हाय. त्र्याहत्तर साली पाझर तलावाच्या कामावर आम्ही खडी फोडत व्हतो. एक दिवस कॅमेरा घेऊन पाळंदे म्हणून सायेब आले. कॅमेरा आलाय म्हणताच तुझे दाजी दाढी करायला गावात पळाले. इकडं सायबानं मला बोलावलं आन गावातला तो धनगर, धुळाप्पा, त्याला बोलावलं. बाभळीखाली बसवलं. म्हणाला, तुम्ही नवरा-बायको असं समजा. बाईनं भाकरी द्यायची, बाप्यानं खायची. म्या आपली फडक्यातली भाकरी दिली. धुळाप्पानं खाल्ली. सायेब म्हणाला, परत एकदा. दुसरी दिली. ती बी खाल्ली. परत एकदा. फडक्यात तीनच व्हत्या. एक माझी, एक दाजीची, एक सासूबाईची. धुळाप्पा दोन दिवसांचा उपाशी, त्याला खोटं खाता येईना.

सायेब गेले आन दाजी गुळगुळीत गाल घेऊन आले. कॅमेरा गेला म्हणून आधीच तापलेले, वर भूक. भाकरी कुठं हाय म्हणाले. माझ्या तोंडून निघून गेलं, धुळाप्पाच्या कुत्र्यानं नेली. त्यांनी धोंडा उचलून कुत्र्याला हाणला. ढाण्या त्याचं नाव. जन्माचं लंगडं झालं. तवापासनं ह्या दोघांचं बोलणं बंद हाय. धुळाप्पाला म्या बिरोबाची शपथ घातली व्हती, म्हणून तो गप. पुढं दूध संस्थेची चेअरमनकी दाजीच्या हातनं एका मतानं गेली, ते मत बी त्याचंच.

सिनेमाचे डबे तुझ्याच हापिसातनं निघतात. एवढा एक डबा वाट चुकला तर तुझं काय बिघडतंय?

पोराबाळांना मुके. उत्तर लवकर धाड, तंवर माझा जीव टांगणीला हाय.
तुझी अक्का,
कोंडाबाई

*

पुणे
दि. १९ जानेवारी १९८४

सौ. ती. अक्कास,
लिंबाजीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून इतका हसलो, की हेडक्लार्क उठून माझ्या टेबलापाशी आले. पत्र फाडलेलं नाही. असलं पत्र कुणी फाडतं का? चुका मात्र काढल्या नाहीत, तुझी शपथ.

तू म्हणतेस ते खरं आहे. ‘खडीचा डोंगर’चे डबे आमच्याच गोदामात आहेत आणि परंड्याला आम्हीच धाडणार आहोत. परवा जेवणाच्या सुट्टीत मशीनवाल्याला चहा पाजून तो सिनेमा लावून घेतला. अक्का, तू तिसऱ्या रिळात आहेस. नाकात चमकी, डोक्यावर पदर, अशी करारी दिसतेस की मशीनवाला विचारू लागला, ही कुठली नटी? मी म्हणालो, जांभळवाडीची. धुळाप्पा मात्र नटासारखा खात नाही, खरंच खातो.

आता वाईट बातमी. पाळंदे साहेबांनी तिन्ही वेळचं चित्र ठेवलं आहे. एकामागून एक तीन दिवस गेले असं दाखवलं आहे. आणि तिन्ही वेळा तुमच्या पाठीमागं बाभळीच्या सावलीत एक कुत्रं झोपलेलं आहे. शेपूटसुद्धा हलवत नाही.

डबा चुकवायचं म्हणशील तर ते माझ्यानं व्हायचं नाही. हापिसात माझी बारा वर्षं झाली, एक डबा इकडचा तिकडं केला नाही. माझं ऐक, दाजींना तूच सांगून टाक. तापट असले तरी मनाचे वाईट नाहीत.

दाजींना माझा नमस्कार सांग, पण कशाबद्दल ते सांगू नको.
तुझा धाकटा,
लिंबाजी

*

जांभळवाडी
दि. २७ जानेवारी १९८४

चि. लिंबाजीस,
अनेक आशीर्वाद.

सांगून टाक म्हणायला पुण्यात बसून काय जातंय? दोनदा सांगायला गेले. पहिल्या खेपेला म्हणाले, थांब, आधी माझं भाषण ऐक. ते ऐकता ऐकता दूध उतू गेलं. दुसऱ्या खेपेला त्यांनीच सिनेमाचा विषय काढला. म्हणाले, त्या दिवशी न्हाव्यानं वस्तरा धार लावण्यात वेळ घातला, न्हाय तर आज पडद्यावर म्या दिसलो असतो. अकरा वर्सं त्या न्हाव्याला शिव्या देतेत. आता कोणत्या तोंडानं सांगू, की तुमच्या जागी कोण बसला व्हता?

त्यांनी नवीन नेहरू शर्ट शिवलाय. सायबाला हार ते सोता घालणार हायत. गावात सांगत सुटलेत की आमच्या हिला सिनेमातलं काय कळत न्हाय, पण तिला बी पुढं बसवणार.

परवा पाणवठ्यावर धुळाप्पाची बायको मल्लम्मा भेटली. तिला सगळं ठावं हाय. म्हणाली, आमचे मालक चार दिवस मेंढरं घेऊन सीना नदीच्या काठाला जाणार, परंड्याकडं फिरकायचेच न्हायत. त्याला पळायला मेंढरं हायत. म्या कुठं पळू?

आई गेली तवा म्या तुला कडेवर वागवलं. हे कधी बोलून दाखवलं न्हाय, आज दाखवते.
कडेवर वागवणारी,
अक्का

*

पुणे
दि. ४ फेब्रुवारी १९८४

सौ. ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

कडेवरचं काढलंस, तिथं मी हरलो.

आज परंड्याची पेटी बांधली. पाच डबे लिहिले, चार गेले. तिसरं रीळ माझ्या टेबलाखाली आहे, वर जुनी वर्तमानपत्रं टाकली आहेत. कुणी विचारलंच तर नजरचुकीनं राहिलं म्हणेन. नजरचूक म्हणताना माझा चेहरा कसा होतो ते तुला ठाऊक आहे, म्हणून कुणी विचारू नये अशी प्रार्थना कर.

दोन दिवस जेवण गोड लागलेलं नाही. तुझी भावजय विचारते, हापिसात काय झालं? काय सांगू, की कुत्र्यावरच्या खोट्या आळापायी नोकरी पणाला लावली?
तुझ्यापायी जिवावर उदार झालेला,
लिंबाजी

*

जांभळवाडी
दि. १६ फेब्रुवारी १९८४

चि. लिंबाजीस,
अक्काचे आशीर्वाद.

तू टेबलाखालचा डबा काढून जागेवर ठेव. काही उपयोग झाला न्हाय.

पाळंदे सायेब यष्टीतनं उतरला तो वळकटी काखेत मारून. वळकटीत सिनेमाचे पाच डबे. म्हणाला, पुण्याच्या हापिसावर माझा भरवसा न्हाय, म्हणून माझी प्रत मीच घेऊन फिरतो. आन ते ओझं स्टँडापासनं तंबूपर्यंत डोक्यावर कुणी नेलं? तुझ्या दाजीनं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला न्हाय.

दिवस मावळल्यावर सिनेमा लागला. बाया एकीकडं, बापे एकीकडं. दाजी छातीला बिल्ला लावून सायबाच्या शेजारी खुर्चीवर. सिनेमा दुःखाचा, बासरी लई रडकी. पण माणसं कुठली रडतेत! ती बघा आमची गाय, तो बघा आमचा आण्णा, त्याला तवा केस व्हते, असा कालवा चाललेला. सायेब सारखा मागं वळून बघायचा. त्याला वाटलं व्हतं, सगळा तंबू हुंदके देईल.

आन मग म्या आले. लिंबा, घराच्या भिंतीएवढी! नाक सुपाएवढं. म्या धुळाप्पाला भाकरी दिली, मालक म्हणून. सगळ्या माना दाजीकडं वळल्या. ते हलले न्हाईत. दुसरी भाकरी दिली, तवा मागनं कुणी तरी म्हणालं, गड्याला भूक लई हाय. माणसं हसली. तिसरी दिली आन दाजी उठून उभे राहिले. त्यांच्या डोक्याची सावली पडद्यावर बरूबर माझ्या आन धुळाप्पाच्या मधी पडली. मशीनवाला खाली बसा, खाली बसा म्हणून वरडाय लागला. ते बसले न्हाईत. म्या पदर तोंडात कोंबला व्हता.

सिनेमा संपल्यावर चर्चा ठेवली व्हती. सायेब बोलाय लागला, की बाई म्हणजे भूमी हाय, आन पाठीमागचं झोपलेलं कुत्रं म्हणजे डोळे मिटून बसलेला समाज. दाजी उठले. म्हणाले, सायेब, समाजाचं तुम्ही बघा, पण ते कुत्रं निर्दोष हाय. तंबूत हसण्याचा नुसता पूर आला. सायबाला काय कळंना, त्यानं वहीत लिहून घेतलं.

तेवढ्यात पार मागं, घोंगड्यात तोंड लपवून बसलेला एक बाप्या उठला. धुळाप्पा! सीनेच्या काठाला जाणारा माणूस सिनेमा बघायचा मोह सोडू शकला न्हाय. दाजीकडं बघून म्हणाला, आबाराव, म्या खाल्ली. तिन्ही म्याच खाल्ल्या. शपथ व्हती म्हणून बोललो न्हाय. ढाण्याला धोंडा बसला तवा बी बोललो न्हाय, आन तो लंगडत माझ्यामागं फिरायचा तवा दर दिवशी वाटायचं, आज सांगावं.

आता कुणी हसंना. मग माझ्यानं बसवंना. म्या बायांतनं उठले. चारचौघात त्यांच्याशी कधी बोलले न्हाय, पण बोलले. म्हणलं, लबाड म्या हाय. कुत्र्यानं काय बी नेलं न्हाय.

दाजीनं छातीचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला आन चालत निघून गेले. हार घालायचा राहिलाच. म्या मल्लम्माच्या गाडीतनं परत आले.

आज चौथा दिवस. जेवतेत, पण बोलत न्हाईत. रागानं बोलले असते तर कळलं असतं. कालपासनं दुपारचं कुठं जातेत ते बी सांगत न्हाईत. तुझी पत्रं म्या त्यांच्या उशाशी ठेवली, सगळीच. आता झाकायचं काय राहिलंय?

तू नोकरी सांभाळ. माझी काळजी करू नको म्हणते, पण कर.
तुझी,
अक्का

*

जांभळवाडी
दि. २३ फेब्रुवारी १९८४

श्री. रा. रा. लिंबाजीराव यांस,
आबाराव यांचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपण डबा दडवल्याचे आपल्याच पत्रावरून समजले. सदर कृत्य गैर आहे. परंतु बहिणीसाठी केले, सबब त्यावर चर्चा नको.

समितीच्या भाषेत पुढं लिहिता येईना, म्हणून साधं लिहितो. आठ दिवस म्या तिच्याशी बोललो न्हाय. तिला वाटलं राग आला. राग पहिल्या भाकरीला आला व्हता, खोटं कशाला सांगू. तिसऱ्या भाकरीला तो गेला. पडद्यावर तिचा चेहरा घराएवढा झाला तवा दिसलं, ती भाकरी हातातनं सोडताना त्या भाकरीकडं कशी बघत व्हती. गालाची हाडं वर आलेली. तवा रोज तिच्याशेजारी जेवत व्हतो. पण चेहरा एवढा मोठा झाल्याबिगर मला दिसला न्हाय. आन त्या टायमाला म्या गावात दाढी करत बसलो व्हतो. ह्यावर बोलायचं काय?

दुपारचं कुठं जातो म्हणाल तर धुळाप्पाकडं. पहिल्या दिवशी त्याच्या मेंढरांच्या वाड्यावर जाऊन उभा राहिलो, तर तो मेंढरं सोडून आत पळाला. त्याला वाटलं धोंडा आणलाय. मग दोघं बाजेवर बसलो. कुत्रं पाच वर्सांमागं मेलं, माफी मागायची तरी कुणाची? शेवटाला म्या म्हणलं, कुत्रं कसं व्हतं ते सांग. तो सांगाय लागला ते दिवस कलला तरी संपंना. लांडग्याच्या तोंडातनं कोकरू सोडवलं ते, पुरात मेंढरं वळवली ते, लंगड्या पायानं. दुसऱ्या दिवशी बी गेलो, अजून बरंच राहिलंय म्हणाला. आता रोज जातो. चेअरमनकीचा विषय बी निघाला. त्याला विचारलं, पुढल्या निवडणुकीला मत देशील का? म्हणाला, ते वेगळं.

पाळंदे सायबाचं कार्ड आलंय. त्यांना परत हिकडं येऊन सिनेमा काढायचाय. म्या कळवलंय, की अवश्य या, परंतु आधी सगळ्या माणसांचं जेवण, मग कॅमेरा. ह्या अटीवर दूध संस्थेत ठराव बी मांडणार हाय. धुळाप्पा अनुमोदन देतो म्हणाला.

आता तुम्हाला विचारायचं ते विचारतो. म्या एवढा कडक हाय का, की घरच्या बाईनं अकरा वर्सं मला भ्यावं? खरं कळवा, लाजू नका. तिला काल विचारलं. म्हणलं, त्याच दिवशी का न्हाय सांगितलंस? ती म्हणाली, तुम्ही उपाशी व्हता, उपाशी माणसाला खरं पचत न्हाय. म्या म्हणलं, बरं, मग दुसऱ्या दिवशी सांगायचं. तर म्हणाली, दुसऱ्या दिवशी तरी कुठं पोट भरलं व्हतं?

सुट्टीत पोरांना घेऊन या. नोकरीवर बालंट आलं तर घर हे हाय.
आपला, लोभ आहेच तो धरून असणारा,
आबाराव