देवांच्या वाटेचा लीडर

शुक्रवार, १२ एप्रिल २००२. शारजा.

पाडवा उद्या, पण सुट्टी आज, म्हणून मंडळाने गुढी आजच उभारली. श्रीखंड पातळ होतं. त्यावर मी बोलणार होतो, तेवढ्यात राजन उठला.

राजन म्हणजे फुजैराच्या बंदरात तेलाच्या टर्मिनलवर मॅनेजर. हळू बोलतो, पाणी फार पितो. असल्या माणसांचा मला भरवसा वाटत नाही. त्याने इटलीतल्या एका पायवाटेचे फोटो फिरवले. अमाल्फीचा किनारा. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला थेट खाली निळा समुद्र, मधून दगडी वाट. उतारावर लिंबाच्या बागा. नाव ‘देवांची वाट’. बोमेरानो नावाच्या गावातून निघायचं आणि नोचेल्ले नावाच्या गावात पोचायचं. म्हणाला, जुलैत शाळांना सुट्टी लागली की आपली दोन कुटुंबं जाऊ या.

सगळे वा वा करायला लागले. फोटो काढायला काय लागतं? मी सांगून टाकलं की कॉलेजात असताना राजगडासकट अख्खा सह्याद्री पायाखाली घातलाय. यात खोटं काही नाही. राजगडाला गेलो तेव्हा पायथ्याशी थांबून सगळ्यांचं सामान सांभाळायची जबाबदारी माझ्यावर होती. सामान चोरीला गेलं असतं तर वर जाऊन गड चाटायचा होता का?

राजन म्हणाला, मग तुम्हीच पुढे चाला, अंबादासराव. टाळ्या झाल्या. माझ्या बायकोने, नीलिमाने, वाजवल्या नाहीत. तिच्या हातात वाटी होती.

रविवार, १४ एप्रिल.

शर्वाणीने शाळेत सांगितलं की ‘माय डॅड इज अ माउंटेनियर’. तिच्या मैत्रिणीच्या आईने फोनवर नीलिमाला सांगितलं, नीलिमाने मला. सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

पोरगी तेरा वर्षांची आहे. माझ्याशी हल्ली ‘ओके’ आणि ‘व्हॉटेव्हर’ एवढंच बोलते. तिने चारचौघांत माझं नाव घ्यावं असं गेल्या दोन वर्षांत मी काही केलेलं नाही. फार बरं वाटलं. आता ठरलं. मी पुढे, ती माझ्या मागे, देवांची वाट. बाकी इटली गेली खड्ड्यात.

मंगळवार, १६ एप्रिल.

ट्रेनिंग सुरू. बाहेर ऊन मी म्हणतंय, म्हणून मॉलमध्ये. पाठीवर सॅक. वजनासाठी इंडियाला न्यायच्या वस्तू भरल्या: टँगचे डबे, दूध पावडर, बदाम, ताईसाठी घेतलेलं मिक्सरचं भांडं. तळमजल्यावर चकरा मारल्या. एसी चांगला.

शर्वाणी म्हणाली, ‘बाबा, इट्स अ मॉल.’ मी म्हणालो, संगमरवर डोंगरातूनच येतो. ती आइस्क्रीमच्या दुकानाकडे निघून गेली.

सिक्युरिटीवाल्याने सॅक उघडायला लावली. टँग बघून सोडलं.

शुक्रवार, १९ एप्रिल.

नवे बूट चावतात. दुकानदार म्हणाला, हबीबी, सवय होईल. त्याला काय जातंय बोलायला.

मॉलचा वरचा मजला टाळतो. तिथले काचेचे कठडे बघून डोकं उठतं. डिझाइनच वाईट आहे. इतक्या उंचावर काच लावणाऱ्या माणसाला अक्कल नाही. मला उंचीचं काही नाही, पण मूर्खपणा सहन होत नाही.

आमच्या फ्लॅटचंही तेच. आठव्या मजल्यावर बाल्कनी, आणि तिचा कठडा जेमतेम कमरेएवढा. तिथे धुणं वाळत घालायचं काम नीलिमाचं. बायकोच्या कामात लुडबुड करणाऱ्या नवऱ्यांपैकी मी नव्हे. या घरात आल्यापासून एकदाही केलेली नाही.

शनिवार, २७ एप्रिल.

दुबईहून घरी यायला नेहमीसारखाच ट्रॅफिक. गाडीत बसून क्लचवर पाय. मांडीच्या स्नायूंना याहून चांगला व्यायाम नाही. मॉलला गेलो नाही.

राजनचा फोन. दहा मेच्या शुक्रवारी फुजैराला या, आमच्या मागच्या डोंगरावर सगळे मिळून एकदा चालून बघू. म्हणजे माझी परीक्षा घेणार. हा दर शुक्रवारी तिथे चालतो. फुजैरात दुसरं करण्यासारखं आहेच काय?

हो म्हणालो. शर्वाणी शेजारीच उभी होती.

गुरुवार, ९ मे.

उद्याचा संकल्प: कमी बोलायचं, पुढे राहायचं, राजनला मागे ठेवायचं.

शुक्रवार, १० मे. फुजैराहून परत, संध्याकाळी.

राजनचा डोंगर हा डोंगरच नाही. दगडांचा ढीग आहे. झाड नाही, गवत नाही, फक्त शेळ्या. त्या शेळ्या माणसाकडे फार उद्धटपणे बघतात.

पहाटे निघालो. खाली कोरडी वाडी, म्हणजे पाणी नसलेली नदी, आणि तिच्यावरून कड्याच्या पोटातून जाणारी शेळ्यांची वाट. ठरल्याप्रमाणे मी पुढे. सुरुवात उत्तम. राजनची बायको अनुराधा म्हणालीसुद्धा, भाऊजींचा वेग चांगला आहे. मी मागे वळून राजनकडे बघितलं. त्याने पाण्याची बाटली पुढे केली. नको म्हणालो.

मग एक वळण आलं. वाट अरुंद झाली आणि उजवीकडची जमीन संपली.

तिथे मी बसलो. दगडाची तपासणी करायची होती. दगड ठिसूळ वाटला. लीडरने अशा वेळी घाई करू नये. तपासणी नीट व्हावी म्हणून दोन्ही हातांनी दगड धरला. डोळेही मिटले, कारण धूळ होती.

राजन मागून आला आणि त्याने हात पुढे केला. हा त्याचा आगाऊपणा मी विसरणार नाही. मी त्याला सांगितलं, तुम्ही उभ्याने उतरा, मी बसून उतरतो, उतरायची जुनी पद्धत आहे. मग तोंड कड्याकडे, तळवे जमिनीवर, आणि बसल्या बसल्या सरकत थेट वाडीपर्यंत आलो. पँट मागून फाटली. कापडच हलकं होतं.

शर्वाणी सगळा वेळ बघत होती. काही बोलली नाही. गाडीतही नाही. वाटेत मसाफीला चहासाठी थांबलो तेव्हा तिने तिचा स्वेटशर्ट मला दिला, कमरेला बांधायला. हेही न बोलता.

त्यापेक्षा ‘व्हॉटेव्हर’ म्हणाली असती तर बरं झालं असतं.

सोमवार, १३ मे.

राजनने मंडळात कोणालाच काही सांगितलेलं दिसत नाही. यात त्याचा काहीतरी डाव आहे.

बुधवार, २९ मे.

इटलीबद्दल माहिती काढली. फारसं काही चांगलं दिसत नाही. जुलैत उकाडा. जेवणात चीज. त्या वाटेवर म्हणे काही ठिकाणी कठडाच नाही. युरोप एवढा पुढारलेला, आणि एक पाइप लावता येत नाही?

ट्रेनिंग बंद. गुडघा. कोणता ते अजून नक्की नाही.

रविवार, ९ जून.

जुलैत ऑफिसात ऑडिट आहे. दरवर्षी ऑगस्टमध्ये असतं, पण यंदा लवकर व्हायची शक्यता नाकारता येत नाही. बॉस रजा देणार नाही. मी मागितलेली नाही, कारण तो देणार नाही हे मला ठाऊक आहे. पाण्यात पडायच्या आधीच ओलं कशाला व्हायचं?

नीलिमाला सांगितलं. वाटलं होतं, ती म्हणेल, मग आपण कोणीच नको जायला, आणि मी राजनवर खापर फोडून मोकळा होईन. ती म्हणाली, बरं, मग मी आणि शर्वाणी जातो राजन-अनुराधांबरोबर.

मी म्हणालो, जा.

मग लक्षात आलं. आमचे दोघांचे पासपोर्ट ऑफिसच्या तिजोरीत असतात. व्हिसासाठी तिने मला तिचा आणायला सांगितला होता. माझा सांगितलाच नव्हता. विसरली असणार. संसारात अशा चुका होतात.

सोमवार, १ जुलै.

विमानतळावर सोडलं. राजनच्या डोक्यावर राखाडी टोपी. कंपासही होता गळ्यात. कोलंबस. शर्वाणीची सॅक त्यानेच उचलली. ती माझी सॅक आहे, टँगवाली. आता तिच्या पाठीवर ती इटलीत चालणार, आणि पुढे राजन चालणार.

निघताना शर्वाणी म्हणाली, ‘यू कुड हॅव जस्ट कम, बाबा. यू डोन्ट हॅव टू बी फर्स्ट.’ मी ऑडिटचं कारण दिलं. ती ‘ओके’ म्हणाली.

घर रिकामं. राजनचा मनापासून राग आला. मग आणखी कोणाचा यायला हवा होता ते आठवेना.

बुधवार, ३ जुलै.

स्वयंपाक: डाळ-भात. डाळ लागली. नीलिमाने जाण्यापूर्वी दोन-तीन सोडून माझे सगळे ऑफिसचे शर्ट धुऊन वाळत घातले होते. बाल्कनीत आहेत. सवडीने आणू.

शुक्रवार, ५ जुलै.

दुपारी फोन. राजनचा मोबाइल, इटलीहून. म्हणाला, अंबादासराव, घाबरू नका, शर्वाणीला तुमच्याशी बोलायचंय.

ती वाटेतल्या एका वळणावर खाली बसली होती. पाठ कड्याला लावून. पुढेही जाईना, मागेही येईना. नीलिमाचं ऐकेना, राजनचंही ऐकेना. फक्त मला फोन लावा म्हणत होती. मला म्हणाली, ‘बाबा, आय कान्ट. माय लेग्ज आर गॉन.’ रडत होती. पाचवी-सहावीनंतर तिचं रडणं मी ऐकलेलं नाही.

मी खुर्चीत बसून होतो आणि माझे तळहात घामाने भिजले.

सांगितलं: समुद्राकडे बघू नकोस. तोंड कड्याकडे कर. तळवे जमिनीवर ठेव. उठू नकोस, बसल्या बसल्या सरक. एक हात, मग एक पाय. पँट फाटली तर फाटू दे.

तिने विचारलं, ‘राजगडावर असं केलेलं का?’ हे तिने मराठीत विचारलं.

मी म्हणालो, राजगडावर मी वर गेलोच नव्हतो. हे फुजैराचं आहे.

ती म्हणाली, ‘आय नो, बाबा. स्टे ऑन द लाइन.’ मी थांबलो. दगडांवर घासल्याचा आवाज येत होता. मग राजनचा आवाज आला: शाब्बास, आलं, आलं, रुंद वाट आली. त्याच्या आवाजात आनंद होता. त्या क्षणी मला तो इसम जवळजवळ बरा वाटला. पण फोन ठेवताना म्हणाला, तुमची पद्धत कामी आली. टोमणा.

संध्याकाळी नीलिमाचा फोन. सगळे नोचेल्लेला पोचले. शर्वाणी लिंबाचं सरबत पीत बसली आहे आणि अनुराधाला सांगते आहे की ‘धिस इज हाऊ माय डॅड डझ इट’. नीलिमा हसत होती. मी हसायचं काय त्यात असं विचारलं. ती म्हणाली, काही नाही, जेवलास का?

लीडर म्हणून फोनवरून मोहीम पार पाडली असं म्हणायला हरकत नाही. पुढच्या वर्षी बघू. उंचीचं मला तसं काही नाही.

शनिवार, ६ जुलै. सकाळी.

कपाटात आता एकही धुतलेला शर्ट नाही. बाकीचे सगळे बाल्कनीत. काल वारा सुटला होता, त्यावर वाळू बसलेली काचेतून दिसते आहे.

दार उघडलं. एक पाय बाहेर ठेवला. आज मान आखडल्यासारखी वाटत होती म्हणून परत आत घेतला.

खाली इंटरकॉम केला. इमारतीचा वॉचमन रफिक वर आला. त्याला सांगितलं, बाल्कनीच्या दाराची कडी अडकते आहे, तेवढे कपडे काढून दे. त्याने दार एका बोटाने ढकललं, शर्ट गोळा केले, वाळू झटकली आणि सोफ्यावर ठेवले. कडी ठीक आहे का, असं मी विचारलं. तो म्हणाला, कडी एकदम ठीक है साब. मॅडम जाने से पहले बोलके गई थी, तीन-चार दिन में साब कपडे के लिए बुलाएगा.

शर्ट इस्त्री केला. ऑफिसला उशीर झाला.