व्याह्यांशी झालेल्या मारामारीबद्दल

आदरणीय व्याहीबुवा यांस,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात जोडले की पेन सुटतं, म्हणून नमस्कार आधी उरकून मग लिहायला बसलो.) आपली प्रकृती उत्तम असेल. डोळ्यांचे थेंब वेळेवर चालू आहेत हे मला पक्कं ठाऊक आहे. कसं, ते पुढे येईलच. विहीणबाईंचा गुडघा काय म्हणतो? इकडे आम्ही दोघं मजेत. सोबत आपलं मनगटी घड्याळ पाठवलं आहे. दिवसाला चार मिनिटं मागे पडायचं, आता पडत नाही. पण घड्याळ हे निमित्त. खरी गोष्ट अशी की माझ्या हातून जावईबापूंचा काळा पट्टा गेला आहे, आणि शनिवार संध्याकाळच्या आत तो परत मिळाला नाही तर लेकीच्या घरी तोंड दाखवायची सोय उरणार नाही.

झालं असं, की जावईबापूंच्या त्या मारामारीच्या गेमचा कंट्रोलर बिघडला. कुणी हात न लावता त्यांचा पैलवान आपला डावीकडे चालू लागायचा. दुकानदाराने ‘नवा घ्या’ म्हणून हात वर केले, तेव्हा लेक म्हणाली, बाबांकडे देऊन बघू. अख्खा संच घेऊनच आले. उघडून पाहतो तर दांडीच्या बुडाशी बिस्किटाचा चुरा. (जावयाबद्दल तक्रार नाही. चुरा कुणाचाही असू शकतो.) वीस मिनिटांचं काम. पण माझी चाळीस वर्षांची पद्धत आपण जाणताच: दुरुस्त केलेली वस्तू दहा दिवस स्वतः चालवून पाहिल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही. घड्याळ असेल तर मनगटावर बांधून हिंडतो. कंट्रोलर बांधून हिंडता येत नाही. म्हणून दुकान दुपारी बंद असतं तेवढ्या वेळात घरी टीव्हीला संच जोडून खेळायला बसलो.

आता माझा स्वभाव असा, की चालतं यंत्र दिसलं की ते कशाने चालतं हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही. समोरचा लढवय्या लाथ कधी मारतो, उडी कधी घेतो, याची मी वहीत सेकंदांसकट नोंद ठेवू लागलो. आत कुठेतरी काहीतरी ठरावीक फिरत असणार, ते सापडलं की झालं, असा माझा हिशोब. तीन दिवसांत एकही लाथ ठरल्या वेळी बसली नाही. (म्हणजे बसल्या सगळ्या, पण वहीतल्या वेळी नव्हे.) चौथ्या दिवशी आमची ही मागून स्क्रीन वाचत म्हणाली, “अहो, ही खरी माणसं आहेत. आपापल्या घरी बसून तुम्हाला बडवताहेत!” मी गारच पडलो. त्याहून वाईट म्हणजे कोपऱ्यात नाव जावईबापूंचं होतं. संच लावला की ते आपोआपच येतं, आणि मला वाटलं होतं, वस्तूवर मालकाचं नाव असायचंच.

या गेममध्ये लढतीआधी कमरेत वाकून नमस्कार करायचं एक बटण आहे. आता समोर खरं माणूस आहे हे कळल्यावर नमस्कार केल्याशिवाय कसं राहवणार? मी वाकलो की समोरचा त्याच क्षणी लाथ घालायचा. एकाने तर मी वाकलेलो असतानाच लढत संपवली. हरत गेलं की पट्ट्याचा रंग उतरतो. काळ्याचा तपकिरी झाला, तपकिरीचा हिरवा आणि हिरव्याचा पिवळा. मग लेकीचा फोन आला, त्यात सहज कळलं, की रविवारी या गेमची स्पर्धा आहे, फक्त काळा पट्टा असलेल्यांना प्रवेश, आणि तिचा नवरा वर्षभर त्या स्पर्धेकडे डोळे लावून बसला आहे.

सहाव्या दिवशी मात्र एक आव्हान आलं. एका पायावर उभा राहणारा, काठी घेतलेला एक म्हातारा संन्यासी. मी वाकलो, तर तोही वाकला! मग त्याने मला रीतसर लोळवलं, पण पडल्यावर मारलं नाही. मी उठेपर्यंत काठी टेकून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी तीनच्या ठोक्याला पुन्हा हजर. कोण असेल हा? तरुण की वयस्क? पुरुष की बाई? भरल्या घरातलं माणूस, की एकटं? दुकानात भिंग डोळ्याला लावून बसलो तरी हेच डोक्यात. मग लक्षात आलं, की रोज बरोबर तीन चाळीसला संन्यासी दोन मिनिटं पुतळा होतो. (त्या दोन मिनिटांत मी कधी बोटही लावलं नाही, हे नमूद करतो.) आणि मला आठवलं, लग्नाची बोलणी ऐन रंगात आलेली असताना आपण “एक मिनिट हं” म्हणून, मान मागे टाकून, डोळ्यांत थेंब घातले होते. तेव्हा मी सवयीने घड्याळ पाहिलं होतं. तीन चाळीस.

काल लेकीकडून खात्री झाली. विहीणबाई तिला म्हणाल्या म्हणे, की मुलाने दिलेला जुना संच हल्ली रोज चालतो. मुलगा दुपारी बापाशी खेळतो, म्हणून स्वारी खुशीत आहे. जावईबापू म्हणाले, मी तर ऑफिसात असतो, आईची काहीतरी गल्लत. दोघं हसली आणि विषय संपला. मला हसू आलं नाही. व्याहीबुवा, तो आपला मुलगा नव्हता. तो मी होतो. फोनवर हे बोलायला जीभ रेटेना, म्हणून पत्र. वर्षभर आपण दोघं भेटलो की “बसा”, “नको नको, आपण बसा” यापलीकडे गेलो नाही, आणि या चार दुपारींत आपली अशी सवय लागली आहे, की उद्या संच परत द्यायचा या विचाराने मला खरोखर वाईट वाटतं.

राग मानू नये, ही विनंती. लोभ आहेच, तो तसाच असावा.

आपला,
व्याही

ता.क. राग आला नसेल तर एक काम होतं. पिवळ्यावरून काळ्यावर जायला सव्वीस विजय लागतात. उद्या आणि परवा मिळून आपण माझ्याकडून सव्वीस वेळा हरावं. आपण मुख्याध्यापक, जन्मभर कॉप्या पकडल्यात, हे मी विसरलेलो नाही. पण ही कॉपी नव्हे. ज्याचे गुण त्याला परत करायचे आहेत.

ता.क. २. मी वर ‘उद्या संच परत द्यायचा’ असं लिहिलं, ते भावनेच्या भरात. द्यायचा शनिवारी संध्याकाळी आहे. दुपार आपलीच.

ता.क. ३. सव्वीस झाले की सत्ताविसावी लढत खरी खेळू. आजवर आपण समोर मुलगा आहे असं समजून हात राखून मारत होतात, हे मला जाणवत होतं. आता समोर व्याही आहे.