हरतालिकेची गोळी

६ जुलै, रवि.
फेनोबार्बिटोन. शाळेपासून हीच गोळी. हिने फिटचे झटके आवरले, आणि हिनेच मला वर्गात पेंगवलं. काल डॉक्टर मॅडमनी समजावलं: दिवस गेले तर पोटातल्या बाळाला ही बाधू शकते, म्हणून ही हळूहळू कमी करायची, सोबतची नवी गोळी वाढवायची. मध्ये झटका आला नाही तर मग बाळाचं बघू. वर दम, "अपने मन से एकदम बंद मत करना, जान पर बन आएगी." मी हव म्हटलं.

११ ऑगस्ट, सोम.
फेनो अर्धी. सकाळी डोकं चक्क हलकं. विनय सिलतऱ्याच्या कारखान्यातून ड्यूटी करून आला, दारातच, "तू गाणं म्हणून राहिली होती का वं?" नवऱ्याला माझं गाणं नवीनच.
गोल बाजारात पाळण्यावर टांगायच्या लाकडी चिमण्या दिसल्या. हात लावून परत आले. फार हवंय मला बाळ. फार.

२५ ऑगस्ट, सोम.
तीजेला, म्हणजे हरतालिकेला, लेक माहेरी, इथली रीत. बाबा येऊन ब्राह्मणपाऱ्यातल्या घरी घेऊन आले. रात्री करू भात, म्हणजे कारल्याची भाजी नि भात. उद्या हरतालिका, पाण्याचा थेंब नाही, रात्री जागरण. यंदा मागणं एकच.
गोळ्यांना पाणी लागतं. एका दिवसाने काय होतंय...

२८ ऑगस्ट, गुरु.
जीभ चावली गेलीय. जागरण संपता संपता, आरतीतच पडले म्हणे. दवाखान्यात आईचं एकच, "काहून नाही घेतली गोळी? मले विचारायचं तरी होतं!"
"पाणी चाललं नसतं ना."
त्यावर ती रडतच बसली.
मॅडम: आधीच डोस उतरता, त्यात दोन्ही गोळ्या चुकल्या, झोप नाही, पोट रिकामं. आता फेनो कमी करणं बंद. बाळाचं पुढे ढकला.
बाळासाठी उपास केला आणि बाळालाच लांब केलं. महादेवावर काय रागावू, अक्कल माझीच.

१४ सप्टें., रवि.
आई भेटायला आली. पुढच्या तीजेचं तिने आत्ताच ठरवलंय. "गोळी मी देईन तुले, पाणीबी मीच पाजीन. महादेवाले सांगीन, उपास म्या मोडला."
ती गेल्यावर विनयला चिमण्यांचं सांगितलं. "आणून ठेवू का?" म्हणाला. नको म्हटलं. कशाला उगाच.
गोळ्या घेतल्या. पाणी प्याले. मग विचारलंच, जाता-येता बघशील का, अजून आहेत का त्या तिथे.