मंगळवारचा सिनेमा आणि पुढची खोली

सगळ्यांत आधी कमळाबाई आली. माझ्या मृत्युपत्राला साक्षीदार म्हणून जेवण झाल्यावर ये, असं सांगितलं होतं, ती जेवणाआधीच आली, आणि उंबऱ्यातूनच म्हणाली, "आज तो वकिलाचा सिनेमा हाय का? त्यात तो वकीलच मायचा हरवलेला पोरगा निघते." असा तिचा स्वभाव. तिच्यामागून हेमराजभाऊ आले, जंगल खात्यातून रिटायर झालेले, स्वतःचा पेन घेऊन. तर आता लिहिते.

मी रुखमा देवाजी रामटेके, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण चौथी, राहणार मोहर्ली, हे माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. कोणी धाक घातला नाही, काही पाजलं नाही. चहा तेवढा रिनाने पाजला. रिना माझी सून. मुलगा एकच, राजदीप. तो पर्यटकांची जिप्सी चालवतो.

१. मागचं घर आणि अंगण राजदीपला. अंगणातला फणस तोडू नये, त्याने काही केलेलं नाही.

२. बँकेत जे असेल ते रिनाला. किती आहे ते कोणी विचारू नये. टीव्ही आणि रिमोटही रिनालाच. राजदीपच्या हाती रिमोट गेला की तो सिनेमा जिप्सीसारखा पळवतो. पर्यटकांना वाघ दिसो न दिसो, आमचा हिरो दरवेळी वेळेवर येतो, त्याला नीट पाहू द्यावं.

३. आमचे हे, म्हणजे देवाजी, झाडीपट्टीच्या नाटकांत पेटी वाजवायचे. धान घरात आलं की रात्र रात्र नाटक. गाणं आवडलं की लोक "वन्समोर" ओरडायचे आणि नट पुन्हा गायचा. एकदा तर मेलेला राजा वन्समोरला उठून पुन्हा मेला. तीच सवय आमच्या घरी सिनेमाला लागली. गाणं आवडो की रडणं, वन्समोर म्हटलं की रिना मागे घेते. नवीन माणूस हसतो. मग तोही ओरडतो. यांची पेटी हेमराजभाऊंना. त्यांना वाजवता येत नाही, पण पुसून ठेवतील.

४. कमळाबाईला माझी खुर्ची, शेवट आधी सांगायचा नाही या अटीवर. सांगितला तर खुर्ची परत. आणि एक जुनं भांडण इथेच मिटवते, म्हणजे माझ्या बाजूने. तळ्याकाठच्या गाण्यात हिरॉइनची साडी मोरपंखी आहे. कमळा लाल म्हणते. काळ्या-पांढऱ्या सिनेमाचं हेच तर सुख आहे, साडी त्यांनी नेसावी, रंग आपण द्यावा. आताचे सगळं रंगवूनच देतात, बघणाऱ्याला काही कामच ठेवत नाहीत. माझ्या मागे रंग बदलू नये.

५. पुढची खोली. इथे पेन अडला.

मंगळवारी जंगलाचं गेट बंद असतं. गाइड, जिप्सीवाले, त्यांच्या बायका, सगळे मोकळे. दुपारी याच खोलीत सिनेमा बसतो. राजदीपला मधोमध भिंत घालून पर्यटकांसाठी दोन खोल्या काढायच्या आहेत. आज साक्षीदारांसमोरच टेप लावून मोजत होता. म्हणाला, "आई, तू हाय तवरच हे लोक येतेत. तुह्या मागं कोन येते?"

तो म्हणतो ते खरं असेल, तर रिकाम्या खोलीला जपून काय करायचं?

मग मी कागद घेऊन सैपाकघरात बसले आणि रिनाला म्हटलं, "लाव तू. मी नाईच असं समजा."

खोली भरली. पहिल्याच गाण्याला वन्समोर झाला. पडद्यावरची आई खोकली तशी कमळा म्हणाली, "आता हे मरते," आणि सगळे तिच्या अंगावर आले. पुढे ती आई पोराला शहराच्या गाडीत बसवते आणि त्याच्या खिडकीची दांडी पदराने पुसत राहते. तेवढ्यात एक घोगरा आवाज आला, "वन्समोर!"

मी डोकावले. राजदीप भुईवर बसलेला, टेप गळ्यात.

रिना म्हणाली, "झाली का हो तुमची भिंत मोजून?"

"चूप बस ना वो. मांगं घे."

तर पुढची खोली राजदीपलाच देत आहे. अट काही घालत नाही. भिंत घालायची तर घाल बाबा. तुझी माय तुला ओळखते.

वन्समोरच्या पायी सिनेमा अर्धाच झाला आणि बायका चुलीकडे गेल्या. हेमराजभाऊंनी पेनाचं टोपण उघडलं आणि पुन्हा लावलं. "बाई, पहिले शेवट पाहू, मंग सही करू. कागद कुठी पळून जाते?"

सही : रुखमा देवाजी रामटेके
ठिकाण : मोहर्ली, जिल्हा चंद्रपूर
मंगळवार, १३ जानेवारी २०२६

साक्षीदार :
हेमराज गेडाम – सही बाकी
कमळाबाई नन्नावरे – सही बाकी

दोघांनी मंगळवारी, वीस तारखेला, येतो असं कबूल केलं आहे. सह्यांशिवाय हा कागद कच्चा, म्हणून तोपर्यंत मला मरता येत नाही.