बीपी वाढवायचं माझं औषध

९ जानेवारी
ह्यांना इथे लखनऊलाच आयसीयूत ठेवलंय. न्यूमोनिया, त्याचं विष रक्तात गेलंय म्हणे. तोंडात नळी, श्वास मशीन देतंय, बीपी खाली खाली जातंय. आमची नात ऋचा तिथेच डॉक्टर. निळ्या कपड्यांत काय गोड दिसते. नवरा असा पडलेला आणि मी नातीकडेच बघत बसले, मेलं माझं लक्षण. मी चौथी पास, पण डॉक्टरकीचं डोकं तिला माझ्याकडूनच आलंय. ठरवलं, रडायचं नाही.

१० जानेवारी, सकाळी
मालिनी सिस्टर म्हणाली, अम्माजी, बात कीजिए, बेहोशी में भी सुनते हैं. मग घरचं सगळं सांगितलं. गिझर बिघडला, तेलीबागच्या बाजारात मटार छान आलाय, शेजारच्या पेशंटची सून चिकनच्या भरतकामाचा कुडता घालून येते, चौक बाजारातलाच असणार. मशीनवरचा बीपीचा आकडा हलेना. शेवटी वैतागून म्हटलं, उठत नसाल तर तुमची स्कूटर देते भंगारवाल्याला.
बीपी चढलं. माझ्या डोळ्यांनी पाहिलं. सिस्टर तेव्हा औषधाच्या पंपाची बटणं दाबत होती, तिचं लक्षच नव्हतं.
रोग सापडला. ह्यांच्या अंगात राग कमी पडलाय.

११ जानेवारी
स्कूटर गेली, असं सांगून टाकलं. कबाडीवाला ढकलत घेऊन गेला, तुम्ही पुसायचा तो आरसा वाटेत फुटला. बीपी आणखी वर. ऋचाला म्हटलं, तुझ्यापेक्षा माझं औषध चालतंय. ती म्हणाली, हाँ आजी, ठीक है, खाना खाया? दमलीय पोर.

१४ जानेवारी
संक्रांत. सगळ्या स्टाफला तिळगूळ दिला, गोड बोला म्हटलं. ह्यांच्याशी मात्र उपचार म्हणून कडूच बोलावं लागलं. डोस वाढवला. तुमची वाजवायची पेटी शेजारच्या मिश्राजींच्या नातवाला दिली. कराडहून धाकटे भावजी राहायला आलेत, तुमच्या पलंगावर झोपतात, उन्हाळाभर राहणार.
बीपी इतकं छान की बीपीचं औषध कमी केलं. मोठे डॉक्टर म्हणाले, हमारी दवा काम कर रही है. म्हणू देत.

१७ जानेवारी
नळी काढली. मी रडले, त्याला इलाज नाही. पहिला शब्द माझं नाव असणार म्हणून पदर सारखा केला.
स्कूटर, म्हणाले.

१८ जानेवारी
ऋचाचा चेहरा उतरलेला. आजोबांना भ्रम झालाय म्हणे, आयसीयूत होतो असा. साल बरोबर सांगतात, लखनऊ बरोबर सांगतात. पण बायकोने स्कूटर विकली, पेटी दिली, घरात भाऊ घुसलाय, म्हणत नळ्या ओढून उतरायला बघतात. स्कूटर तो कल शाम भी घर पे खड़ी थी, असं ऋचानेच मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. उद्या डोक्याचं स्कॅन. हात बांधायचं बोलणं चाललंय.
मी ब्राह्मीचं तेल सुचवलं. बाकी काही बोलले नाही. जेवणही गेलं नाही.

१९ जानेवारी
सांगून टाकलं. ऋचा भिंतीकडे तोंड करून हसली, मग डोळे पुसले. मोठे डॉक्टर म्हणाले, माताजी, बीपी तो सिस्टर दवा बढ़ाके चढ़ा रही थी. मी म्हटलं, थोडं तरी माझ्याने चढलं असेल ना. ते म्हणाले, हाँ, वही अब उतर नहीं रहा.
स्कॅन रद्द. हात मोकळे. मला भेटायची बंदी.

२१ जानेवारी
ऋचाने घरून व्हिडिओ कॉल लावून ह्यांना स्कूटरचा आरसा दाखवला. जुना फोटो आहे म्हणाले. मग तिने हॉर्न वाजवला. तो खोकणारा हॉर्न ह्यांनी बरोबर ओळखला. पेटीही वाजवून दाखवली. भावजी नाहीत हे दाखवणार कसं, म्हणून सगळ्या खोल्या फिरवल्या, पलंगाखालीही.

२२ जानेवारी
मला आत सोडलं. अट एकच, बोलायचं नाही.
स्टुलावर बसले. तिळगूळ पुडीतच राहिला. मिश्राजींच्या सुनेचं केवढं सांगायचं होतं, तेही राहिलं. ह्यांनी एक डोळा उघडून पाहिलं, मी गप्प आहे असं दिसल्यावर माझं बोट धरलं आणि झोपले. आकडा एकदम नॉर्मल. सिस्टरने पंपाला हातही लावला नव्हता, आज मी नीट लक्ष ठेवलं होतं.
इतक्या वर्षांनी ह्यांचं खरं औषध सापडलं.
फार कडू आहे.